पारख कोणाची?

इव्हॅल्युएशन बोर्ड म्हणजे चिप पदरात पाडून घेण्याआधी तिची पारख करायची सोय. प्रत्यक्षात पारख होते ती घेणाऱ्याची. बोर्डावरच्या मायक्रोकंट्रोलरचा संसार ५१२ किलोबाइटमध्ये सुखाने चालतो. त्याच्याशी बोलणारं सॉफ्टवेअर मात्र गिगाबाइटच्या हिशेबात उतरतं, तेही नाव, ईमेल आणि कंपनीतला हुद्दा विचारून झाल्यावर. उतरल्यावर पहिला निरोप काय? बोर्डाचं फर्मवेअर जुनं आहे, आधी अपडेट करा. कालच खोकं फोडलंय हो!

खरी गंमत केबलची. यूएसबी लावली, पॉवरचा लाल दिवा ऐटीत लागला, आणि कॉम्प्युटरला मात्र बोर्डाचा पत्ताच नाही. माणूस ड्रायव्हर काढतो, घालतो, विंडोज रीस्टार्ट करतो, अँटिव्हायरसला शिव्या घालतो. चूक असते केबलची. ती निव्वळ चार्जिंगची निघते: विजेच्या दोन तारा आहेत, डेटाच्या दोन गाळलेल्या. बाहेरून पाहाल तर जुळ्या बहिणी. वेष्टनावर चकार शब्द नाही.

एवढं झाल्यावर हिरवा एलईडी लुकलुकतो आणि इंजिनिअर टाळ्या पिटतो. डिझाइन शिकणाऱ्या मुलांनाही जमावं म्हणून २००५ साली इटलीतल्या इव्हरेआत आर्डुइनो हा सोपा बोर्ड निघाला, तो उगाच नव्हे. बड्या चिपवाल्यांना अजून वाटतं की त्रास झाल्याशिवाय माल भारी वाटत नाही.

तेव्हा मंडळी, मॅन्युअल नंतर वाचा. आधी केबल बदलून बघा.