शॉर्ट मॅग्नम कशी निवडावी? पिंगुळीच्या नवशिक्यांसाठी सात पायऱ्या

रानडुकराने रातोरात भाताचा कोपरा लोळवला आणि माकडांनी कोवळी शहाळी पाडली, की भला माणूस मोबाइलवर अमेरिकी काडतुसांचे व्हिडिओ बघत बसतो. कुडाळ-वेंगुर्ले रस्त्याकडेच्या अशा होतकरू शिकाऱ्यांसाठी ही मार्गदर्शिका. पायऱ्या क्रमानेच चढाव्यात. मधली गाळल्यास मुक्काम पोलीस ठाण्यात पडेल.

१. घराणे ओळखा. .३०० विंचेस्टर मॅग्नम हे १९६३चे लांबलचक काडतूस. २००१च्या सुमारास त्याच कंपनीने .३०० डब्ल्यूएसएम, म्हणजे विंचेस्टर शॉर्ट मॅग्नम, आणले. उंच बरणीतले लोणचे बसक्या बरणीत भरावे तसा हा प्रकार: लांबी ८५ मिलिमीटरवरून साधारण ७३वर आली, जाडी वाढली. १८० ग्रेनची गोळी दोन्हींतून सेकंदाला नऊशे मीटरच्या आसपासच सुटते. फायदा म्हणजे बोल्ट आखूड आणि रायफल थोडी हलकी. तोटा म्हणजे मॅगझिनमध्ये बहुधा तीनच काडतुसे मावतात आणि हलक्या रायफलीचा दणका खांद्याला जास्त बसतो.

२. भावंडांत निवड करा. हरणासाठी .२७० डब्ल्यूएसएम, एल्कसाठी .३००, मूस आणि मोठ्या अस्वलासाठी २००५चे .३२५. रेमिंग्टनची शॉर्ट अल्ट्रा मॅग्नमही .३०० डब्ल्यूएसएमच्याच सुमारास आली, पण बाजारात मागे पडली. हॉर्नडीचे ६.५ पीआरसी २०१८चे. दणका कमी, पल्ला लांब. एल्क आणि मूस पिंगुळीत कुणी पाहिलेले नाहीत, एवढे सोडल्यास अभ्यास पूर्ण झाला.

३. पल्ला मोजा. या काडतुसांची खरी करामत तीनशे मीटरच्या पुढे दिसते. काजूच्या बागेत उभे राहा. तीस पावलांवर करवंदीची जाळी आडवी येते. तिच्यापलीकडे शेजाऱ्याची विहीर, गोठा आणि अंगणात वाळत घातलेली कोकमे. रायफलीची चुकलेली गोळी काही किलोमीटर जाऊ शकते आणि तेवढ्यात दोन-चार वाड्या लागतात. म्हणून इथल्या शेतकऱ्याच्या घरात ठासणीची नाहीतर बारा बोरची बंदूक असते.

४. दुकान गाठा. परदेशी बंदुकांची आयात सर्वसामान्यांना बंद आहे. देशी कारखान्यांची रायफल म्हणजे प्रामुख्याने .३१५. दुकानदाराला डब्ल्यूएसएम आणि पीआरसी यांतला फरक उलगडून सांगा. तो शांतपणे ऐकून घेईल आणि विचारेल, "परवानो खंय हा?"

५. कायदा वाचा. शस्त्र परवाना १९५९च्या कायद्याचा, शिकारबंदी १९७२च्या वन्यजीव कायद्याची. पहिला हातात असला म्हणून दुसरी उठत नाही. शेतीसंरक्षणासाठी बंदूक मिळाली, तरी डुक्कर मारायला वेगळी लेखी परवानगी लागते. उभ्या पिकाची नासधूस होत असेल तर कलम ११ खाली ती मागता येते. विनापरवानगी डुक्कर मारल्यास तीन वर्षांपर्यंत कैद. गवा पहिल्या अनुसूचीतला, त्याला तीन ते सात वर्षे. मटणाचा बेत रद्द करून घरी तसे कळवावे.

६. निवडणुकीचा अंदाज घ्या. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत असा हिशेब मांडल्यास बंदूक घरी कधी असेल ते कळेल. डुकरांना आचारसंहिता लागू नाही, त्यामुळे ती प्रचार चालू ठेवतात. या काळात रिकामा डबा आणि काठी हेच आखूड, हलके, दणका नसलेले हत्यार. मॅगझिनची मर्यादाही नाही.

७. तरीही शिकार हवीच? मग पिंगुळीच्या ठाकर आदिवासी कला आंगणात जा. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांची कला जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री जाहीर झाली. रामायणाच्या खेळात सुवर्णमृग निघाला, तर बाण कितीचा, ग्रेन किती, असे कुणी विचारत नाही. परवाना लागत नाही, आचारसंहितेतही चालते, आणि मेलेले हरीण पुढच्या खेळाला वेळेवर हजर असते.