ठिकाण माहीत असलेला माणूस

कुठल्याही गावाचं नाव काढा, आप्पा तिथे कुठे जेवायचं ते सांगतात. तुम्ही सोलापूरला चुलतसासऱ्यांच्या दहाव्याला निघालेले असलात तरी सांगतात. "दहावा सकाळीच उरकेल. मग स्टँडच्या मागच्या बोळात शिरा. पाटीबिटी काही नाही, वासावर जा. आणि मी सांगितलं म्हणून सांगा." त्या बोळातल्या माणसाला आप्पा कोण हे माहीत असण्याचं काही कारण नसतं, पण सांगायचं.

आमच्या सोसायटीत त्यांना पाठीमागे अस्सलराव म्हणतात, समोर आप्पा. मावळातल्या घोरावाडी स्टेशनाच्या आसपास जी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेली मंडळी स्थायिक झाली, त्यांतलेच हे एक. उभी हयात कंपनीच्या कँटीनमध्ये खाचे पाडलेल्या स्टीलच्या ताटात जेवण्यात गेली. त्याचा सूड ते आता महाराष्ट्रभर फिरून उगवतात, आणि सोबतीला कुणीतरी लागतं म्हणून मला नेतात.

आप्पांच्या लेखी चव ही फार पुढची गोष्ट. आधी ठिकाण पास झालं पाहिजे, आणि परीक्षा दारातच सुरू होते. भिंतीला नुकता रंग दिलेला असेल तर निम्मे मार्क तिथेच गेले. मेनूकार्ड चार पानांच्या वर गेलं की ते मिटून बाजूला ठेवतात. "हे मेनूकार्ड नाही, फ्रीजची यादी आहे." गल्ल्यावरचा माणूस हसून "या, बसा" म्हणाला की त्यांना संशय येतो. "नवीन दिसतोय," असं ते माझ्या कानात सांगतात. याउलट मान वर न करता कुणी "कूपन आधी घ्या" असं खेकसला, की आप्पा खूश होऊन खुर्ची ओढतात.

सगळ्यांत मोठं समाधान त्यांना "संपलं" या उत्तरात मिळतं. भर पावसात दोन गाड्या बदलून आम्ही एका प्रसिद्ध ठिकाणी पोचलो आणि पोऱ्यानं "संपलं" म्हणून सांगितलं. माझ्या पोटात कावळे कोकलत होते. आप्पा मात्र तृप्त चेहऱ्यानं म्हणाले, "पदार्थ मिळाला तर ते हॉटेल. संपला तर ते ठिकाण."

बिल किती झालं हे त्यांच्या लक्षात राहत नाही, हॉटेलचं साल राहतं. मुंबईचं क्यानी 1904, दादरचं मामा काणे 1910, ब्रिटानिया 1923, पुण्याचं गुडलक 1935. ही सनावळी ते पाढ्यांच्या चालीवर म्हणतात. इराण्याकडे शिरले की संगमरवरी टेबलावरून हात फिरवतात, वाकवलेल्या लाकडाची काळी खुर्ची हलवून बघतात आणि मग बिस्किटांच्या बरणीकडे वळतात. 1908 साली लोकांकडून पैसा पैसा जमवून तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. एखादी तरी बरणी आपल्या मावळातली निघेल या आशेनं आप्पा प्रत्येक बरणी उचलून तिचं बूड बघतात. आजवर त्यांच्या शर्टावर बिस्किटाचा चुरा तेवढा सांडला आहे.

घोरावाडीला फक्त लोकल थांबते. रोज सकाळी डेक्कन क्वीन आमच्या फलाटाकडे ढुंकूनही न बघता निघून जाते, आणि आप्पा गॅलरीत चहाचा कप घेऊन तिच्याकडे बघत राहतात. कारण 1930 पासून धावणाऱ्या या गाडीला डायनिंग कार आहे. रीतसर टेबलखुर्चीवर बसायचं, वेटरनं आणलेलं ऑम्लेट नाहीतर चीज टोस्ट काट्याचमच्यानं खायचं आणि खिडकीतून घाट बघायचा. एकदा ते मला पहाटेच्या लोकलनं लोणावळ्याला घेऊन गेले आणि तिथे आम्ही क्वीन पकडली. मुंबईत काडीचं काम नव्हतं. काम होतं ते लोणावळा आणि कर्जत यांच्या मधल्या घाटात. आप्पांनी ऑम्लेटचा शेवटचा घास खंडाळ्यापासून बशीत राखून ठेवला होता. तो संपला असता तर उठावं लागलं असतं. रांगेत उभे असलेले एक गृहस्थ त्या घासाकडे बघत होते. आप्पा बोगद्याकडे बघत होते.

परत येताना कर्जतला गाडी थांबली. घाट चढायला मागून जादा इंजिनं जोडतात आणि तेवढ्या वेळात फलाटावर दिवाडकरांचा बटाटेवडा घ्यायचा, हा या मार्गाचा जुना धर्म. "1863 साली साहेबानं बोरघाटातून रेल्वे नेली," वडा फुंकरत आप्पा म्हणाले. "37 फुटांना एक फूट चढ! तो चढ नसता तर गाडी इथे थांबली असती का? आणि गाडी थांबली नसती तर वडा?" भारतीय रेल्वेच्या इतिहासाकडे असं बघणारा माणूस मला दुसरा भेटलेला नाही.

अशा माणसाचा मुलगा नोकरीसाठी फ्रान्समध्ये जावा आणि तोही ल्योंला, हा योगच म्हणायचा. ल्यों म्हणजे खवय्यांची पंढरी. आप्पा आणि वहिनी महिनाभर राहून आले आणि पुढचे सहा महिने आम्ही सगळे ल्योंलाच होतो. तिथल्या जुन्या गावठाणात, जे 1998 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, बुशों नावाच्या खानावळी आहेत. चौकड्यांचे टेबलक्लॉथ, खेटून मांडलेली टेबलं, फळ्यावर खडूनं लिहिलेले चार पदार्थ. पाव हवा तेवढा, साध्या पाण्याची सुरई फुकट. पहिल्याच दिवशी हे तिघं सव्वादोनला पोचले. मालकानं घड्याळाकडे बोट दाखवलं. किचन बंद, आता सातला या. मुलगा ओशाळला, वहिनी वैतागल्या. आप्पांचे डोळे पाणावले. "अहो, परक्या मुलखात, कुणी ओळखीचं नाही, आणि अचानक पुण्यात उभं असल्यासारखं वाटलं!"

दुसऱ्या दिवशी बारालाच जाऊन बसले. सगळ्यांत जुना, सगळ्यांत अस्सल पदार्थ आणा म्हणाले. आंदुयेत आलं. आतड्यांचं सॉसेज, वास असा की शेजारच्या टेबलावरची अमेरिकन बाई खुर्ची सरकवून बसली. आप्पांनी एक घास घेतला, डोळे मिटले आणि खणखणीत मराठीत जाहीर केलं, "ही तर आपली वजडी!" गावच्या जत्रेत वजडीचं पातेलं दिसलं की नाकाला रुमाल लावणारे हेच गृहस्थ. तिथे त्यांनी बशी पावानं पुसून घेतली.

वहिनींची मात्र त्याच महिन्यात संकष्टी आली. युरोपातला उन्हाळा. तिथे सूर्यच साडेनऊला मावळायला टेकतो, मग चतुर्थीचा चंद्र कधी उगवणार? तो आला मध्यरात्रीच्या सुमाराला आणि तोवर गावातली सगळी किचनं मिटली होती. वहिनींनी घोरावाडीहून नेलेल्या इंद्रायणीचा भात टाकला. "ल्योंला येऊन भात?" असं म्हणत आप्पांनी तो दोनदा घेतला. दुसऱ्यांदा घेताना तूपही मागितलं.

ल्योंबद्दल बोलताना आप्पांचा गळा भरून येतो तो तिथल्या बायकांपाशी. मोठ्या घरांतून स्वयंपाकिणी म्हणून राबलेल्या बायकांनी तिथे स्वतःच्या खानावळी काढल्या आणि त्या शहराला नाव मिळवून दिलं. त्यांतल्या युजेनी ब्राझिये हिनं 1933 मध्ये आपल्या दोन रेस्टॉरंटांना मिशलँचे तीन-तीन तारे मिळवले. "आपल्याकडे काय कमी होतं?" आप्पा टेबलावर मूठ आपटत म्हणाले. "गिरणगावात खानावळवाल्या बायकांनी अख्खे गिरणी कामगार पोसले. 1975 साली प्रेमा पुरवांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, म्हणून निदान त्यांची नोंद तरी झाली. नाहीतर स्वयंपाक करणाऱ्या बाईला आपल्यात विचारतो कोण?" हे भाषण त्यांच्याच घरी, जेवणं झाल्यावर चाललं होतं. वहिनी म्हणाल्या, "तारे राहू देत, आधी ताट उचला."

मग गेल्या पावसाळ्यात मुलाचा एक ल्योंचा सहकारी चाकणला कामासाठी आला. रविवार मोकळा होता. त्यानं आप्पांना कळवलं: तुमच्या गावातल्या जुन्या, पारंपरिक रेस्टॉरंटमध्ये मला जेवायचं आहे. पुण्यात नको, मुंबईत नको. तुमच्या गावात.

आप्पा पहिल्यांदाच निरुत्तर झालेले मी पाहिले. शनिवारी रात्री आमच्याकडे बैठक बसली. लोणावळ्याची चिक्की प्रसिद्ध, पण चिक्कीनं पोट भरत नाही. द्रुतगती मार्गावर फूड मॉल आहेत. तिथे दाक्षिणात्य आहे, चायनीज आहे, बर्गर आहे. जुन्या हायवेला ढाबे आहेत. तिथे पंजाबी मिळतं, मालवणी मिळतं, कोल्हापुरी रस्सा मिळतो, सावजीची पाटीसुद्धा मी पाहिली आहे. मावळात मावळी मात्र आम्हांला कुठे सापडेना. चव्हाणांच्या नाहीतर शेलारांच्या घरात चुलीवर जे शिजतं त्याला गिऱ्हाईक पैसे देईल, असं इथे कुणाच्या डोक्यातच आलं नसावं. "पिठल्याला कोण पैसे मोजणार?" आप्पा स्वतःच म्हणाले आणि गप्प झाले.

रविवारी वेळ काढायला म्हणून पाहुण्याला आधी वडगावला नेलं. इतिहास सांगताना आप्पांना कंठ फुटतो. "1777 साली पुणे दरबारात तुमचा सेंट ल्युबिन नावाचा वकील आला आणि इंग्रजांच्या पोटात गोळा उठला. मग ते मुंबईहून फौज घेऊन घाट चढून आले. 1779 च्या जानेवारीत तळेगावला पोचतात तर काय, मराठ्यांनी गाव जाळून मोकळं केलेलं. दाणा नाही, वैरण नाही. माघारी फिरले ते इथे वडगावात महादजी शिंद्यांनी घेरले. उपाशी फौज काय लढणार? तह करावा लागला." इंग्रजांची फजिती ऐकून पाहुण्याची कळी खुलली. घड्याळात दीड वाजला होता. त्यानं अत्यंत सौजन्यानं विचारलं, "म्हणजे तेव्हापासून या भागात जेवायला काहीच मिळत नाही का?"

तेवढ्यात वहिनींचा फोन आला. "फिरवू नका त्याला उपाशी. घरी आणा."

ताटात इंद्रायणीचा आसट भात होता. तांदळाची भाकरी, लसणाची फोडणी दिलेलं पातळ पिठलं, पहिल्या पावसानंतर माळावर उगवणारा टाकळा आणि शेजारच्या मावशींनी खाचरातून धरून आणलेल्या खेकड्यांचं कालवण. पाहुण्यानं काटा मागितला नाही. खेकड्याची नांगी दातांनी फोडून, रस्सा मनगटापर्यंत ओघळू देत तो खात होता. शेवटी भाकरीच्या तुकड्यानं त्यानं ताट असं पुसलं, की वहिनी मला म्हणाल्या, "घासायचं पण ठेवलं नाही पोरानं."

भाताचा वास घेऊन त्यानं त्याबद्दल विचारलं. आप्पा तयारच होते. "इंद्रायणी! आंबेमोहोराच्या कुळातला. आपण आत्ता गेलो त्याच वडगावच्या भात संशोधन केंद्राचा वाण, साल 1987."

"आणि हे ठिकाण कोणत्या सालापासून?" पाहुण्यानं ताटाकडे बोट दाखवून विचारलं.

आप्पांनी तोंड उघडलं आणि मिटलं. क्यानीचं साल माहीत असलेला माणूस छताकडे बघू लागला. वहिनींनी भात वाढता वाढता उत्तर दिलं, "त्याच सालापासून. इंद्रायणी आणि मी एकाच वर्षी मावळात आलो. तांदळाचं साल यांच्या लक्षात राहिलं."

पाहुणा गेला, पण आप्पांच्या हाती घबाड लागलं. आठवडाभरात ते फलाटावर लोकांना बाजूला घेऊन सांगू लागले, "घोरावाडीत एक ठिकाण आहे. पाटी नाही. फ्रान्सहून लोक येऊन जेवून जातात. कुणाला बोलू नका, गर्दी होते." आणि मग स्वतःच एकेकाला घेऊन घरी येऊ लागले. पहिल्या महिन्यात त्यांचे कंपनीतले मित्र, दुसऱ्या महिन्यात मित्रांचे व्याही. पंगतीत ते गल्ल्यावर बसल्यासारखे कोपऱ्यात बसत आणि कुणी लोणचं मागितलं तर वस्सकन अंगावर जात.

तिसऱ्या महिन्यात स्वयंपाकघराच्या दारावर पाटी लागली. निळ्या स्केचपेननं, वहिनींच्या वळणदार अक्षरात:

"1. आदल्या दिवशी सांगितल्याशिवाय पाहुणे आणू नयेत.
2. जेवताना दुसऱ्या हॉटेलांची स्तुती करू नये.
3. ताट ज्याचे त्याने घासावे. मालकही त्यात आले.
4. बुधवारी स्वयंपाकघर बंद. त्या दिवशी मालकांनी स्वतः रांधून इतरांस वाढावे."

आप्पांनी चष्मा पुसून पाटी दोनदा वाचली. मला वाटलं, आता भडका उडणार. पण ते धावत येऊन मला हाताला धरून घेऊन गेले आणि दारासमोर उभं करून म्हणाले, "बघा! आता कुठे खरं ठिकाण झालं."

बुधवारी त्यांनी केलेलं पिठलं आम्ही खाल्लं. साल कुणी विचारलं नाही.