कोरडवाहू तालुक्यातली ओल

सांगोल्यात ओल ही तशी बातमीच. माणदेशातला, पर्जन्यछायेतला हा तालुका. माण नदीच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिवस दिसते. टँकर कधी येणार, टेंभू-म्हैसाळ योजनांचं पाणी कधी सुटणार, यावर आमच्या पारावरच्या गप्पा चालतात. आणि अशा गावात परतीचा पाऊस ओसरला, की कुणाच्या तरी घरी कपाटामागच्या भिंतीवर काळसर-हिरवी नक्षी उमटते. रानाला न मिळालेलं पाणी भिंतीला कुठून मिळालं, याचं मला दरवर्षी नवल वाटतं आणि किंचित हेवाही.

पूर्वी माळवदाची घरं होती. मृगाआधी वर पांढरी माती पसरायची, तरी एखादी धार आत यायचीच. आजी न बोलता तिच्याखाली पातेलं सरकवायची. माळवदाला लपवाछपवी जमत नसे. स्लॅब आला आणि गळतीला पोच आला. आता पाणी गच्चीच्या एका कोपऱ्यात मुरतं आणि लांबच्या सोयऱ्यासारखं महिन्याभराने भलत्याच खोलीत उगवतं.

मग माणसं बोलवावी लागतात. मेस्त्री गच्चीवर टाच आपटतो आणि वैद्याच्या गांभीर्याने म्हणतो, ‘कोबा पोकळ वाजतोय.’ पेंटर पोपड्यावरून नख फिरवतो, ‘पुट्टी भरून दोन हात देतो काका, कळणारसुद्धा नाही.’ त्याचं हे वाक्य अक्षरशः खरं असतं. वॉटरप्रूफिंगवाला दहा वर्षांची गॅरंटी देतो. कार्डावरचा शिक्का मात्र इतका फुटलेला, की त्यालाच ओल लागली असावी.

गंमत म्हणजे बुरशीच्या बाबतीत हा तालुका अडाणी नाही. मर रोगाने इथल्या डाळिंबाच्या बागाच्या बागा बसवल्या, तोही बुरशीचाच प्रताप. बागेत बुरशीवरचं बोर्डो मिश्रण करताना पाहा. किलोभर मोरचूद, किलोभर चुना, शंभर लिटर पाणी. निळंशार मिश्रण तयार झालं, तरी बागायतदार लगेच फवारत नाही. आधी लोखंडी विळा त्यात बुडवतो, थोडा थांबतो, पातं उन्हात धरतो. त्यावर तांबूस थर चढला असेल तर चुना कमी पडला. पुन्हा निवळी ओतायची. हाच माणूस घरी येऊन रंगाचा वास जायच्या आत ठेकेदाराच्या हातावर सगळे पैसे ठेवतो. कारण दिवाळी! काम पाऊस संपल्यावर सुरू होतं आणि लक्ष्मीपूजनाआधी संपतं. खरी परीक्षा घेणारा पाऊस तोवर पुढच्या जूनपर्यंत रजेवर गेलेला असतो.

पावसावाचूनही तपासता येतं, नाही असं नाही. पांढरी पूड दिसली तर तिच्यावर पाण्याचा थेंब टाकावा. विरघळली तर ते क्षार, बुरशी नव्हे. संशयित भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून दिवसभर ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतलीच. आणि गच्चीची परीक्षा म्हणजे पाणी जायच्या वाटा बुजवून एक-दोन दिवस पाणी तुंबवणं. आता सांगोल्यात हे करायचं म्हणजे टँकर विकत आणायचा, वर चढवायचा आणि ते पाणी खाली येऊ नये म्हणून देवाला हात जोडायचे. आम्ही ते केलं, तेव्हा शेजारच्या मावशींनी जिन्यातूनच विचारलं, ‘आवो, स्लॅबवर शेततळं काढलं व्हय?’

या सगळ्यात भिंत खरवडणाऱ्या पोराकडे कुणाचं लक्ष नसतं. तोंडाला टॉवेल गुंडाळून तो आपल्या कपाटामागचा काळोख श्वासात घेत असतो. कोरडी बुरशी खरवडली की तिचे बीजाणू घरभर उडतात. ती आधी साबणाच्या पाण्याने भिजवून पुसायची असते. त्याला एक चांगला मास्क आणून द्यावा. तो स्वतः पत्र्याखाली राहतो. उन्हाळ्यात ते घर तापतं, आणि पत्र्याला भोक पडलं तर धार सरळ डोक्यावर येते.

तेव्हा यंदा काम काढणार असाल तर आधी गळतीचं मूळ शोधायला लावा, रंगाचं मागाहून. ओल थांबली नाही तर त्यावरचा कुठलाही रंग सुटतोच. पैशांतला थोडा वाटा पुढच्या परतीच्या पावसापर्यंत राखून ठेवणार, हे बोली करतानाच सांगा. आणि कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.