साडूच्या लॅपटॉपशी जुन्या डब्याची तुलना कशी करावी

जुना स्वस्त प्रोसेसर वेगवान की नवा, हा प्रश्न कोणालाही एकांतात पडत नाही. त्यामागे नेहमी एक नातेवाईक असतो. म्हणून साधकाने सर्वप्रथम प्रतिपक्ष निश्चित करावा. सख्खा भाऊ चालत नाही, तो आपलं ऐकून घेतो. मेहुण्याला हरवलं तर घरी जेवण गार मिळतं. साडू सर्वोत्तम. आमच्या साडूने २०२१ च्या दिवाळीत सेलमधून कोरा करकरीत लॅपटॉप घेतला आणि भाऊबीजेला सासुरवाडीत सगळ्यांसमोर मला विचारलं, "काय हो, तुमचा तो डबा अजून चालतो का?"

चालतो. इंटेल कोअर आय५-२४००, २०११ सालचा, चार कोअर, लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला. साडूच्या लॅपटॉपात सेलेरॉन एन४०२०, दोन कोअर, २०१९ च्या अखेरीचा. या दोघांना समोरासमोर बसवून पुढील विधी सांगितला आहे.

नियम पहिला. स्टिकर वाचून मत बनवू नये. "पुण्यात फ्लॅट घेतला" असं कोणी म्हणालं की आपण लगेच "कुठे?" विचारतो, "आय५ आहे" म्हटल्यावर मात्र माना डोलावतो. इंटेलच्या या जुन्या पद्धतीत रेघेनंतरचा पहिला आकडा, किंवा पहिले दोन, म्हणजे पिढी. २४०० दुसऱ्या पिढीचा, १२४०० बाराव्या पिढीचा. दोघेही आय५, आणि मध्ये अकरा वर्षं. एएमडीने २०२३ च्या लॅपटॉपांसाठी याहून थोर युक्ती काढली: पहिला आकडा वर्षाचा, आणि आतली रचना किती जुनी ते तिसऱ्या आकड्यात. त्यामुळे रायझन ५ ७५२०यू नावाने सात हजारी असला तरी आत झेन २, म्हणजे २०१९ चा माल. अशा घरातून स्थळ आलं तर मुलाचा जन्मदाखला आधी मागावा.

सेलेरॉनबद्दल मात्र उगाच वाईट बोलू नये. १९९८ मध्ये आलेल्या पहिल्या सेलेरॉनला एल२ कॅशच नव्हती आणि लोकांनी त्याची यथेच्छ टर उडवली. पण त्याच वर्षी ३००ए आला. चिपमध्येच १२८ केबी कॅश, आणि बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा हा गडी बहुतेक वेळा ४५० वर बिनतक्रार पळायचा. दुप्पट-तिप्पट पैसे मोजून पेंटियम टू घेणाऱ्यांची तोंडं तेव्हा बघण्यासारखी होती. सेलेरॉन हे नाव इंटेलने २०२३ च्या लॅपटॉपांपासून काढून टाकलं. आता नुसतंच 'इंटेल प्रोसेसर'. स्वस्त मालाला नावसुद्धा ठेवायचं नाही म्हणजे कमाल झाली.

नियम दुसरा. गिगाहर्ट्झ मोजू नयेत. पेंटियम ४ ने २००४ मध्येच ३.८ गाठले होते, आणि आज त्याच्यावर बँकेची वेबसाइट उघडून दाखवावी.

नियम तिसरा. मोजणी शुचिर्भूतपणे करावी. जुन्या डब्याचा पंखा ब्रशने साफ करावा, प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी. लॅपटॉप चार्जरला लावावा. टास्क मॅनेजर उघडून विंडोजचं अपडेट मागे गुपचूप चालू नाही ना, ते पाहावं. मग पासमार्क किंवा सिनेबेंच लागोपाठ तीन-चार वेळा चालवावं, कारण पातळ लॅपटॉप पहिल्या फेरीत जोर दाखवतात आणि तापले की बसतात. सगळ्या कोअरची बेरीज मोठी दिसते, पण ब्राउझर आणि एक्सेल यांना एका कोअरचा वेग जास्त लागतो. तो आकडा वेगळा लिहावा. आमच्या मोजणीत दोन्हीकडे डबा पुढे. बेरजेत तर दुपटीहून अधिक. निकाल छापून सासुरवाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावा की नाही, याबाबत शास्त्र मौन आहे. मी टाकला.

नियम चौथा. इथे शास्त्र बाजूला ठेवून बोलतो. "प्रोसेसर स्लो आहे" म्हणून जी यंत्रं लोक भंगारात देतात, त्यांतल्या पुष्कळांचा प्रोसेसर ठीकच असतो. रखडत असते ती जुनी हार्ड डिस्क. आमच्या डब्यात मी एसएसडी बसवली, रॅम आठ जीबी केली, आणि तो माणसात आला. साडूच्या लॅपटॉपात चार जीबी रॅम, तीही बोर्डावरच सोल्डर केलेली, आणि ६४ जीबीचं ईएमएमसी. एक मोठं अपडेट आलं की जागा संपते. त्याची मुलगी कॉलेजचा फॉर्म भरायला बसली आणि पान उघडेपर्यंत नखं खात राहिली, ते पाहून मला वाईट वाटलं. विकणाऱ्याने एवढं तरी सांगायला हवं होतं.

नियम पाचवा. प्रतिपक्षाचं एखादं यश मान्य करावं, म्हणजे आपण निःपक्षपाती दिसतो. यूट्यूबचा व्हीपी९ व्हिडिओ उलगडण्याची सोय साडूच्या चिपमध्ये आहे, आमच्या आय५ मध्ये नाही. फोर-के लावलं की आमचा पंखा घरभर ऐकू येतो.

नियम सहावा. विजेचं बिल मध्ये आणू नये. आमचा प्रोसेसर ९५ वॅटचा, त्याचा ६ वॅटचा. हे आकडे चिपच्या उष्णतेच्या मर्यादेचे, मीटरचे नव्हेत, असं सांगून विषय बदलावा. तरीही कोणी हट्टच धरला, तर ४० वॅटचा फरक आणि रोजचे आठ तास धरून वर्षाला सुमारे ११७ युनिट होतात.

नियम सातवा. तिऱ्हाइताला बोलावू नये. आमच्या भाचीने इंटेल एन१०० चा मिनी पीसी आणला: २०२३ चा, चार कोअर, तोही ६ वॅटचाच. त्याने साडूच्या लॅपटॉपला हरवलं. आमच्या डब्यालाही हरवलं. भाची काही बोलली नाही, नुसती हसली.

एक बाब परिशिष्टात. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने मान्य केलेल्या प्रोसेसरांच्या यादीत आय५-२४०० नाही, आणि एन४०२० आहे. म्हणजे दुपटीने वेगवान तो बाद, आणि रखडणारा पात्र. मी डब्यावर लिनक्स मिंट टाकून मोकळा झालो आहे. ही यादी साडूने अजून पाहिलेली नाही. वाचकांपैकी कोणी त्याला ओळखत असेल, तर कृपया सांगू नये.