उशीखालचे श्रोते

चिंता ऐकून घेणाऱ्या बाहुल्या मूळच्या ग्वाटेमालाच्या. तिथल्या डोंगराळ मुलखातले माया कारागीर त्या बनवतात. स्पॅनिशमध्ये त्यांना ‘मुन्येकास कितापेनास’ म्हणतात. उंची दोन-तीन सेंटीमीटर. आत तारेचा किंवा काडीचा सांगाडा, त्यावर रंगीत दोऱ्याचे वेढे आणि वरून हातमागाच्या कापडाच्या चिंध्यांचा पोशाख. बाईच्या अंगात वीपिल नावाचा सैल, भडक रंगांचा झगा आणि कमरेला गुंडाळलेले लुगडे, पुरुषाला विजार. डोळे आणि तोंड ठिपक्यांवर भागवलेले असते. कान बहुधा नसतातच. ऐकण्यासाठीच नेमलेल्या मंडळींना कान नसावेत यात कारागिराचा खवचटपणा नाही. एवढ्याशा डोक्यावर ते लावायचे तरी कुठे?

वापरण्याची पद्धत सोपी आहे. रात्री दिवा मालवण्यापूर्वी एका बाहुलीला एक चिंता सांगायची आणि तिला उशीखाली ठेवायचे. पुढची जागरणे बाहुलीने करायची, माणसाने झोपायचे.

या बाहुल्यांची कथा इश्मुकाने नावाच्या राजकन्येपाशी सुरू होते. माणसाची कोणतीही चिंता मिटवण्याची शक्ती सूर्यदेवाने तिला दिली, असे सांगतात. पण किचे मायांच्या ‘पोपोल वूह’ या ग्रंथातली इश्मुकाने राजकन्या नाही, चांगली खमकी आजी आहे. देवांनी माणूस घडवायला घेतला तेव्हा पहिला प्रयत्न मातीचा होता. तो पाण्यात विरघळला. दुसऱ्या खेपेला लाकडाची माणसे केली. ती चालत, बोलत, पोरेबाळेही त्यांना झाली, पण त्यांच्यात काळीज नव्हते आणि निर्मात्यांची आठवणही नव्हती. अखेर पूर आला. घरातले तवे, मडकी आणि पाटे-वरवंटेसुद्धा त्यांच्यावर उलटले: रोज आम्हाला चुलीवर जाळलेत, आता तुमची पाळी. उरलीसुरली माकडे झाली. मग इश्मुकानेने पांढरा-पिवळा मका नऊ वेळा दळला आणि त्या पिठातून हल्लीचा माणूस निघाला. याच माणसाला चिंता करता येऊ लागली. ती ऐकायला त्याने पुन्हा काडीची माणसे करून घेतली आणि या खेपेस त्यांच्याकडून काळजाची अपेक्षाच ठेवली नाही, हा शहाणपणा म्हणावा लागेल.

कारण काळीज असलेला श्रोता गप्प बसत नाही. चिंता कानावर पडताच तो तीनपैकी एक उत्तर देतो: ‘त्यात काय एवढं!’, ‘आमच्या मेव्हण्याचं तर याहून वाईट झालं होतं’ किंवा ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’. चौथा प्रकार काढ्याची कृती सांगणाऱ्यांचा. चिंता घराच्या हप्त्यांची असली तरी त्यांच्या काढ्यात आले असतेच. शिवाय सांगितलेली गोष्ट फुटण्याचे भय वेगळे. ग्रीक कथेतल्या मिडास राजाला गाढवाचे कान फुटले, हे फक्त त्याच्या न्हाव्याला ठाऊक होते. पोटात राहीना म्हणून त्याने खड्डा खणला, त्यात ते पुटपुटला आणि खड्डा बुजवला. तिथे बोरू उगवले आणि वाऱ्यावर तेच बडबडू लागले. महाराष्ट्रातल्या महादेवाच्या देवळांत भाविक नंदीच्या कानात मनातले सांगतात. काहीजण तेव्हा त्याच्या दुसऱ्या कानावर हात ठेवतात. एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देणे हा घराघरांतला अनुभव असल्याने ही खबरदारी रास्तच म्हटली पाहिजे.

डबीत किंवा कापडी पिशवीत बाहुल्या बहुधा सहा असतात, आणि खरी गंमत या आकड्यात आहे. एका बाहुलीला एकच चिंता, म्हणजे रात्रीचा कोटा सहाचा. ज्याच्याकडे तीस चिंता आहेत त्याला आधी चाळणी लावावी लागते. मक्याला पाऊस मिळेल का, कॉफीचा भाव पडेल का, यांच्यापुढे शेजारणीच्या टोमण्याचा निभाव लागत नाही. शिवाय बाहुलीला ‘कसंतरीच होतंय’ सांगून भागत नाही. चिंतेला कर्ता, कर्म, क्रियापद द्यावे लागते, आणि एकदा वाक्यात बसली की तिचा फुगारा बराच उतरतो.

मानसशास्त्रज्ञांनी हे बाहुल्यांविना करून पाहिले आहे. १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आपले सर्वांत दुःखद अनुभव लिहायला लावले. लिहून उठताना मुलांची तोंडे आणखी उतरलेली होती, पण पुढच्या काही महिन्यांत घटना आणि भावना दोन्ही लिहिणारे विद्यार्थी दवाखान्यात कमी वेळा गेले. नंतरच्या प्रयोगांत लाभ बेताचाच दिसला. थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये वेगळी युक्ती सुचवली होती: चिंतेसाठी रोज अर्धा तास राखून ठेवायचा आणि अवेळी आलेल्या चिंतेला त्या वेळी यायला सांगायचे. सरकारी कचेरीत हे तत्त्व कुणालाही न शिकवता पाळले जाते.

बाहुल्यांचा एक दोष मात्र उरतो, आणि तो इंग्लिश चित्रकार-लेखक अँथनी ब्राऊन यांच्या २००६ मधल्या ‘सिली बिली’ या पुस्तकात नेमका आला आहे. चिंतातुर बिलीला आजी बाहुल्या देते. बिली काही रात्री गाढ झोपतो, मग त्याला बाहुल्यांचीच चिंता लागते: बिचाऱ्यांवर किती भार! तेव्हा तो त्यांच्यासाठी बाहुल्या करतो. त्या दुसऱ्या पिढीच्या बाहुल्यांनी कुणाला सांगायचे, हे विचारण्याआधीच पुस्तक संपते.

आता या बाहुल्या ग्वाटेमालातल्या पर्यटकांच्या बाजारांतून जगभर जातात. परदेशी दुकानांतल्या पाकिटांवर सहसा इशारा असतो, की आतले बारीक भाग गिळले जाण्याचा धोका असल्याने ती तीन वर्षांखालच्या मुलांपासून दूर ठेवावीत. घरात लहान मूल असेल तर पहिली बाहुली तिथेच खर्ची पडते.