केकवरून गळालेल्या अनुस्वारास

चि. अनुस्वार,
मु. पो. शिरोरेखेच्या वरचा मजला.

अनेक उत्तम आशीर्वाद.

वयाने तू माझ्या खापरपणजोबांहून मोठा, पण अंगाने टिंबाएवढा, म्हणून 'चिरंजीव' लिहिलं. लिहिताना लक्षात आलं, चिरंजीवात तूही आहेस. आमच्या दुकानात मात्र तुझं आयुष्य एक-दोन सेकंदांचं. लेझरचं डोकं तुझ्याभोवती एक प्रदक्षिणा घालतं आणि तू जाळीतून थेट खालच्या कचऱ्याच्या ट्रेमध्ये.

मी केकचे टॉपर कापतो. बारसं, वाढदिवस, साखरपुडा, डोहाळजेवण, सेवानिवृत्ती. मराठी माणसाचा प्रत्येक संस्कार आता तीन एमएम जाडीच्या सोनेरी ॲक्रिलिकमधून कापून निघतो आणि दोन दांड्यांवर केकमध्ये उभा राहतो. या कामाला देवनागरीसारखी लिपी नाही. इंग्रजी नाव आलं की सुटी अक्षरं ओढून एकमेकांना चिकटवत बसा. आपल्याकडे शिरोरेखा आयती. काना, मात्रा, वेलांटी, रफार सगळे तिला धरून असतात. भ, ध असे काही जण तेवढे डोक्यावरची रेघ मोडून बसतात. 'शुभेच्छा'तून 'शु' एकीकडे आणि 'भेच्छा' दुसरीकडे जाऊ नये म्हणून त्यांची रेघ थोडी लांबवतो, की तेही मुकाट्याने ओळीत येतात. एक तू तेवढा अधांतरी. पडद्यावर शोभून दिसतोस, पण यंत्र जे जोडलेलं असेल तेवढंच हातात देतं.

हे यंत्र परकं म्हणावं, तर तीही सोय नाही. कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये शोधला तो कुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, १९३८ सालचा, इंजिनिअरिंगचं शिक्षण पुण्याचं. या लेझरचा किरण डोळ्यांना दिसत नाही, तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. काचेसारखं आरपार दिसणारं ॲक्रिलिक या किरणाला आरपार जाऊ देत नाही; सगळी उष्णता पोटात घेतं आणि रेघेपुरतं वाफ होऊन उडून जातं. म्हणून कडा पॉलिश केल्यासारखी चकचकीत निघते. कुणी 'हेही तसलंच असतं' म्हणत पीव्हीसीची शीट आणली, तर मी हात जोडतो. तिच्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, तो यंत्रही गंजवतो आणि छातीही जाळतो. एवढी काळजी मी घेतो. तुझी घेतली नाही.

परिणाम ऐक. संध्याताईंची साठी होती. केकवर झळकलं 'सध्या'. मंदारचा झाला मदार. 'बाळाचं बारसं' मागितलं होतं, 'बाळाच बारस' गेलं. आणि कुंदामावशींच्या पंचाहत्तरीला, दोन्ही गुडघे बदललेल्या त्या माउलीसमोर, सोनेरी अक्षरांत आदेश उभा राहिला : 'कुदा'.

मी घाबरून फोनची वाट पाहिली. फोन आला तो सोनेरी रंग फोटोत पिवळा दिसतो म्हणून. शेवटी मीच म्हणालो, "दादा, टिंब गळालंय, पुन्हा कापून देतो." चिरंजीव म्हणाले, "राहू द्या हो, कळतंय की." हे चिरंजीव मावशींचे. तू नव्हेस.

तुला वाचवायला उपाय आहेत. खाली ओढून रेघेला टेकवला, तर टिंबाऐवजी चामखीळ दिसतोस. मागे पारदर्शक पट्टी घेऊन तिच्यावर चिकटवावं, तर ॲक्रिलिक जोडायला आम्ही क्लोरोफॉर्म वापरतो; केकमध्ये खुपसायच्या वस्तूला तो लावायचं मन होत नाही. उरतो पूल. शिरोरेखेपासून तुझ्यापर्यंत दीड-दोन एमएमची दांडी. त्याहून बारीक केली तर ठिसूळ ॲक्रिलिक खोक्यातून काढतानाच कडकन मोडतं. पुलाला लागतात दोन मिनिटं. पण ऑर्डर येते रात्री अकराला, टॉपर हवा सकाळी नऊला, आणि नाव येतं इंग्रजी अक्षरांत. म्हणजे तू मुळात होतास की नव्हतास, हेही मलाच ठरवायचं. 'हार्दिक' ऱ्हस्व की दीर्घ विचारलं, तर उत्तर येतं, "तुमचं तुम्ही बघा, बदाम मोठा काढा."

तुला हाकलणं नवीन नाही म्हणा. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी तुला 'नांव', 'कांहीं', 'घरीं' यांतून काढलं. पण त्याला कारण होतं. उच्चारात तू उरला नव्हतास, म्हणून लिखाणातून गेलास. कुंदामावशींना मात्र त्यांची जाऊ अजूनही 'कुंदा' म्हणूनच हाक मारते. नाकातून, स्पष्ट.

आणखी एक. १ जुलै २०२२ पासून देशात फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या बंद झाल्या, मिठाईच्या खोक्यावरचं प्लास्टिक वेष्टन बंद झालं. टॉपर त्या यादीत नाही. केक अर्ध्या तासात संपतो, टॉपर कचऱ्यात जातो आणि कुजत नाही. आमची चूक आमच्यापेक्षा टिकाऊ निघणार आहे.

तेव्हा कबूल करतो. यंत्रावर बिल फाडून मी बरीच वर्षं सुटलो. कुणी विचारत नाही हे कळल्यावर मी पूल काढणंच सोडून दिलं. तुला लेझरने कापलं, पण पाडलं मी. आणि 'कळतंय की' म्हणणाऱ्यांनी उचललं नाही. आजपासून पूल माझ्याकडून, पैसे न घेता. गिऱ्हाइकांनी फक्त नाव मराठीत लिहून पाठवावं आणि पाठवण्याआधी एकदा मोठ्याने म्हणून पाहावं.

कळावे. (इथेही पूर्वी तू होतास.) लोभ असावा.

तुझा,
एक लेझरवाला

ता. क. : ट्रेमध्ये सापडलेली सोनेरी टिंबं बरणीत भरून काउंटरवर ठेवली आहेत. ज्यांच्या नावातली असतील त्यांनी येऊन घेऊन जावीत.