सेन्योराबाईंच्या पदरी पडलेला पाहुणा

सप्टेंबर लागला की सालामांकाच्या बसस्टँडवर हा हमखास उतरतो. वय वीस-बावीस, पाठीवर लॅपटॉप, हातात चाकांची भलीमोठी बॅग आणि तिच्यात आईने "असू दे, कुठे जड आहे" म्हणत कोंबलेलं मेतकूट, दाण्याची चटणी आणि यजमानीणबाईंसाठी पैठणीच्या काठाची पर्स. पुण्यात स्पॅनिशच्या दोन-तीन परीक्षा दिल्यामुळे स्पेन आपल्याला बऱ्यापैकी येतो, अशी त्याची समजूत असते. नाव दरवर्षी वेगळं, बाकी ऐवज तोच.

गाव त्याच्यासारख्यांना सरावलेलं आहे. इथलं विद्यापीठ १२१८ सालचं, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या जन्माच्याही आधीचं. ही माहिती तो बॅग उघडायच्या आत घरच्या ग्रुपवर टाकतो. परदेशी विद्यार्थ्यांना खोली आणि जेवणखाण देणं हा इथल्या कितीतरी घरांचा जुना जोडधंदा. मुलं नोकरीसाठी माद्रिदला, मागची खोली रिकामी आणि साठी उलटलेल्या, खणखणीत आवाजाच्या सेन्योराबाई. तो स्वतःला मोहिमेवर निघालेला समजतो. बाईंच्या लेखी मात्र तो 'मागच्या खोलीतला'. आधीचे कित्येक मागच्या खोलीतले त्यांनी हाताखालून घातलेले असल्यामुळे हा उद्या काय करणार, हे त्यांना आजच ठाऊक असतं.

दार उघडताच बाई त्याच्या दोन्ही गालांना गाल लावून हवेत मुका घेतात. त्याने नमस्कारासाठी हात जोडलेले असतात. ते जोडलेले हात मध्ये अडकतात आणि पहिली भेट कोपरांवर निभावते.

मग भाषा. स्पॅनिशचं पहिलं व्याकरण आंतोनिओ दे नेब्रिहाने १४९२ साली लिहिलं आणि ते छापलं गेलं याच गावात. आपला पाहुणा त्या परंपरेला जागून वाक्य आधी मनात जुळवतो. क्रियापदाचा काळ, अर्थ, पुरुष, वचन सगळं तपासून तो टॉवेल मागायला तोंड उघडतो, तोवर बाईंनी टॉवेल, साबण, किल्ली आणि वायफायचा पासवर्ड हातात ठेवून वर चार सूचनाही दिलेल्या असतात. त्यातली त्याला एकही कळत नाही. तो हसून "सी, सी" म्हणतो. पहिल्या आठवड्यात तो इतक्या गोष्टींना होकार देतो की रविवारी सकाळी बाईंच्या बहिणीकडे कुणाच्या तरी बारशाला जाऊन बसतो.

सगळ्यात जास्त छळतं ते घड्याळ. दुपारचं जेवण अडीच-तीनला, टीव्हीवरच्या बातम्यांच्या साक्षीने, रात्रीचं साडेनऊ-दहाला. पोर्तुगालची सरहद्द इथून शंभरेक किलोमीटरवर, म्हणजे सूर्य जवळपास पोर्तुगालचा. पण १९४० साली हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने घड्याळं तासभर पुढे नेऊन मध्य युरोपाशी जुळवली आणि ती पुन्हा मूळ वेळेवर आलीच नाहीत. त्यामुळे सप्टेंबरात पुण्याला रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा इथे साडेसातच झालेले असतात. नेमका तेव्हाच आईचा व्हिडिओ कॉल.

"जेवलास का रे?"

"नाही अजून. इथे दहाला जेवतात."

"दहाला? का?"

तो फ्रँकोपासून सगळं समजावतो. आई शांतपणे ऐकून घेते आणि विचारते, "तो गेला ना पण? मग आता काय हरकत आहे?" फ्रँकोला जाऊन पन्नास वर्षं झाली, हे खरं. उत्तर मात्र स्पेनच्या सरकारकडेही नाही, तर पाहुण्याकडे कुठून असणार?

शाकाहाराचं प्रकरण थोडं लांबतं. फॉर्मवर त्याने तसं ठळक लिहिलेलं असतं आणि बाईंनी ते मनावर घेतलेलं असतं. पहिल्या दुपारी मसुरीची आमटी येते. वास घरचा, पण तळाशी चोरिसो सॉसेजचे लालभडक काप. बाई "अरे हो" म्हणून ते काप चमच्याने वेचून काढतात आणि तीच वाटी पुन्हा पुढे सरकवतात. दुसऱ्या दिवशी हिरवंगार सॅलड, वर टूना. तिसऱ्या दिवशी मटार, आणि त्यांत हॅमचे तुकडे. एवढेसे तर आहेत, असं बाईंचं म्हणणं. याच प्रांतातलं गिहुएलो हे हॅमसाठी देशभर नावाजलेलं. तिथला हॅम नाकारणारा मनुष्य बहुधा आजारी असावा, असं समजून त्या रात्री त्याला सूप देतात. शेवटी तोर्तिया येतं: बटाटे, अंडी आणि ऑलिव्ह तेल यांचा जाडजूड गोल. कांदा घालावा की न घालावा यावरून स्पेनमध्ये उभे तट आहेत. पाहुणा बिनशर्त कांद्याच्या बाजूने उभा राहतो. घरी सांगताना तो त्याला 'बटाट्याचा एक प्रकार' म्हणतो आणि अंड्यांच्या बाबतीत मौन पाळतो.

पायांचा वाद त्याहून कडक. संस्कारांप्रमाणे तो बूट दारात काढून अनवाणी घरात शिरतो. बाई किंचाळतात. फरशीवर अनवाणी चाललं की सर्दी, घसा, सगळं वर चढतं, यावर स्पेनमधल्या समस्त आयांचं एकमत. त्याच संध्याकाळी त्याला चौकटीच्या कापडाच्या सपाता मिळतात. बाथरूममधलं बिडे पाहून मात्र त्याला गहिवरून येतं. आल्यापासूनची त्याची सर्वांत मोठी काळजी तिथे मिटते, पण हे ग्रुपवर टाकण्यासारखं नसतं.

आंघोळीला मिनिटं मोजलेली. या घरात गरम पाण्याचा बंब चालतो ब्यूटेनच्या नारिंगी सिलिंडरवर. साडेबारा किलो गॅस, माणूस जिन्याने खांद्यावरून आणून देतो. सिलिंडर संपत आला की हलवून बघायचा, हे बाईंना सांगावंच लागत नाही. तो स्वतःहून उठून हलवतो. त्या दिवसापासून त्याच्या ताटात पावाचा तुकडा एक जास्त पडतो.

पहिल्या गुरुवारी तो मित्रांना प्लाझा मायोरच्या घड्याळाखाली भेटतो आणि शहाण्या मुलासारखा दहाला घरी परततो. बाई काळजीने कपाळाला हात लावून बघतात. ताप आहे का? कुणाशी भांडण झालं का? गुरुवार ही इथली विद्यार्थ्यांची रात्र. दहाला ती सुरूही झालेली नसते. लवकर घरी आल्याबद्दल बोलणी खाण्याचा हा त्याच्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग.

पंधरवडा उलटतो आणि शेजारच्या घरात एक नवा विद्यार्थी येतो. आता आपल्या पाहुण्याला कोण आनंद! सपाता कुठे मिळतात, दुपारी दोन ते पाच दुकानं का ठोठावू नयेत, हॅमला नाही कसं म्हणावं, सगळं तो खांदे उडवत, हातवारे करत सांगतो. नव्याने न विचारताही सांगतो. मग त्याला कॅथेड्रलच्या दारावरचा, १९९२च्या डागडुजीत कोरलेला अंतराळवीर दाखवतो आणि तिथून विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीसमोर आणून उभा करतो. या नक्षीत कुठेतरी कवटीवर बसलेला बेडूक आहे आणि जो त्याला कुणाच्या मदतीशिवाय शोधेल तो परीक्षेत पास, असं इथे मानतात. "तुझा तूच शोध हं," असं बजावून तो हाताची घडी घालतो. नवा मान वर करतो, डोळे बारीक करतो. अर्धं मिनिट जातं न जातं तोच आपला पाहुणा बोट पुढे करतो, "तो बघ, उजवीकडच्या खांबावर!"